सोलापुरात बी.एस्सी. प्राणिशास्त्र करतोय. कोंबडीच्या भ्रूणविकासासाठी ऑनलाइन काय पाहू?

एडिनबरो विद्यापीठाचा ‘ई-चिक ॲटलस’ बघा. त्यात भ्रूणाची त्रिमितीय मॉडेलं आहेत. हृदयाची नळी कुठे वळते ते नीट कळतं. लॅबमधल्या फिकट पडलेल्या स्लाइडवर ते दिसणं कठीणच. कोणतं जनुक कुठे व्यक्त होतं, यासाठी ॲरिझोना विद्यापीठाचा ‘गीशा’ हा डेटाबेस.

फक्त उबवणीचे ‘३३ तास, ४८ तास’ असं पाठ करू नका, सोमाइट (भ्रूणाच्या पाठीत मज्जानळीच्या दोन्ही बाजूंना जोडीनं दिसणारे पेशींचे ठोकळे) मोजा. हॅम्बर्गर-हॅमिल्टन यांच्या १९५१ च्या मालिकेत कोंबडीच्या भ्रूणविकासाच्या ४६ अवस्था आहेत. दहावी अवस्था म्हणजे सोमाइटच्या १० जोड्या, साधारण ३३ ते ३८ तास. आपल्याकडे मे महिन्यात अंडं इन्क्युबेटरमध्ये जाण्याआधीच खोलीच्या उष्म्यानं वाढू लागतं, मग तासांचा हिशेब कुठला लागायला!

प्रात्यक्षिकाला अंडी हॅचरीतूनच आणा, दुकानातली सहसा फलित नसतात.