पाणी जातं कुठे, ते आधी शोधा
वाचकांचे गाडीविषयीचे प्रश्न आणि उत्तरं

फिरून फिरून तोच प्रश्न येतोय: कुलंट (इंजिन गार ठेवणारं पाणी-रसायनाचं मिश्रण) कमी होतंय, पाणी घालत राहिलं तर चालेल का? आपल्याकडे कासला जा, पाचगणीला जा, नाहीतर पुण्याहून परत या, घाट काही चुकत नाही. म्हणून या वेळी त्यावर जरा सविस्तर लिहितो.

एसी लावून गाडी उभी केली की पुढच्या बाजूला खाली पाणी साचतं. लीकेज आहे का? (शाहूपुरी)

नाही. ते एसीचं पाणी. स्वच्छ, बिनरंगी, बिनवासाचं.

सात वर्षांची छोटी पेट्रोल गाडी आहे. दर आठ-दहा दिवसांनी कुलंटच्या बाटलीतली पातळी उतरते, पण खाली एक थेंब दिसत नाही. मी बोअरचं पाणी घालतो. ओळखीचे एक जण म्हणाले, जुनी गाडी थोडं पाणी खाणारच. (कोरेगाव)

जुनी गाडी पाणी खात नाही. हे वाक्य मी पंचवीस वर्षं ऐकतोय आणि त्यापायी चांगली इंजिनं गेलेली पाहिली आहेत. कुलंट बंद वाटेनं फिरतं: इंजिन, होज (रबरी नळी), ते गार करणारा रेडिएटर, परत इंजिन. वर्षभरात पातळी बोटभर उतरली तर एक वेळ समजू शकतो. आठ दिवसांत उतरते म्हणजे ते कुठूनतरी बाहेर पडतंय, नाहीतर इंजिनात जळतंय.

बाहेर पडणारं जमिनीवर दिसेलच असं नाही. तापलेल्या इंजिनावर पडलेला थेंब खाली पोचायच्या आत वाळतो. म्हणून सकाळी, इंजिन पूर्ण गार असताना बॉनेट उघडा, टॉर्च घ्या आणि थेंब नाही, डाग शोधा. होज क्लिपनं आवळलेला असतो तिथे, रेडिएटरच्या प्लॅस्टिक टाकीच्या कडेला, वॉटर पंपाच्या खाली पांढुरका-हिरवट किंवा गुलाबी खार धरलेला दिसेल. पंपाला एक बारीक भोक असतं. आतलं सील गेलं की पाणी तिथून झिरपतं. ते भोक बुजवायचं नसतं, पंप बदलायचा असतो. पुढच्या सीटखालचं कार्पेट ओलं लागून गोडसर वास आला, तर हीटर गळतोय. रेडिएटरच्या झाकणाचं रबरही बघा. साध्या पाण्याला 100 अंशांच्या आसपास उकळी फुटते. निम्मं कुलंट आणि झाकणानं धरलेला साधारण 1 बार दाब, या दोघांमुळे ती 120 च्या पुढे जाते. रबर कडक झालं की दाब धरत नाही आणि पाणी उकळून बाहेर जातं. पण गरम इंजिनाचं झाकण कधीही उघडू नका, हात-तोंड भाजतं.

बाहेर काहीच सापडलं नाही तर संशय हेड गॅस्केटवर, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग (हेड) आणि खालचा भाग यांच्यामधल्या सीलवर. गाडी तापल्यावरही सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर, गाडी चालू असताना बाटलीत सारखे येणारे बुडबुडे, डिपस्टिकवर (ऑइलची पातळी बघायच्या पट्टीवर) दुधाच्या चहासारखं ऑइल, यांतलं काहीही दिसलं तर गाडी बाहेर काढू नका. गॅरेजमध्ये दोन तपासण्या मागा. एक म्हणजे गार इंजिनावर हातपंपानं दाब देऊन तो टिकतो का ते बघणं. दुसरी म्हणजे रेडिएटरच्या तोंडावर निळ्या द्रवाची नळी धरणं. जळालेला गॅस पाण्यात येत असेल तर तो द्रव पिवळा पडतो. या दोन्ही झाल्याशिवाय हेड उतरवायला होकार देऊ नका.

बोअरचं पाणी आजपासून बंद. त्यातला क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. शिवाय पाणी घालत गेलात की कुलंट पातळ होत जातं, त्याचा गंजरोधक गुण संपतो. गाडीच्या पुस्तकात लिहिलेलंच कुलंट घ्या. नुसता रंग जुळवून घेऊ नका, रंग प्रत्येक कंपनी आपापला घालते.

उन्हाळ्यात पसरणी घाटातून टोचन लावून एक गाडी आमच्याकडे आली. मालक महिनाभर पाणी घालत होते. "लाल दिवा लागलाच नाही हो," असं ते परत परत सांगत होते, आणि ते खरं बोलत होते. तापमानाचा सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तरच त्याचा भरवसा. पाणी संपलं की तो हवेत उघडा पडतो आणि इंजिन भाजत असताना दिवा गप्प राहू शकतो. हेड उतरवून त्यावर स्टीलची पट्टी आडवी धरली, तर दुसऱ्या सिलिंडरपाशी पट्टीखालून उजेड दिसला. बऱ्याच छोट्या इंजिनांत 0.05 मिलिमीटरच्या आसपासच वाक चालतो. इथे नुसत्या डोळ्यांना फट दिसत होती. गळत होता तो वीतभर लांबीचा एक होज.

आणि काढलेलं कुलंट अंगणात ओतू नका. ते गोडसर असतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात. लहान मुलांनाही ते तितकंच विषारी.

पुण्याहून येताना खंबाटकी चढली की तापमानाचा काटा वर जातो, सपाटीला खाली येतो. मित्र म्हणतो, थर्मोस्टॅट काढून टाक. (वाई)

काढू नका. थर्मोस्टॅट म्हणजे कुलंटच्या वाटेवरची झडप. तो साधारण 82 ते 88 अंशांना उघडतो आणि इंजिनाला त्याच्या नेमक्या तापमानावर ठेवतो. तो नसला की इंजिन गार राहतं, पेट्रोल जास्त जातं, झीज वाढते आणि मूळ दुखणं झाकलं जातं. तो अडकला असेल तर नवा घाला. घाटात ट्रकमागे दुसऱ्या गिअरवर चढताना समोरून वारा नसतो, सगळा भार पंख्यावर. एसी लावल्यावर पंखा फिरतो का ते आजच बघा, रेडिएटरच्या जाळीत माती-किडे बसलेत का तेही बघा. वाटेत काटा चढला तर एसी बंद, हीटर आणि ब्लोअर पूर्ण चालू, आणि जागा मिळताच गाडी कडेला. "घाट संपू दे, मग बघू" असं करू नका.

रेडिएटरमध्ये हळद किंवा गळती थांबवायची पावडर टाकली तर? (कराड)

गळतीबरोबर हीटरच्या आणि रेडिएटरच्या नळ्याही बुजतात. टाकू नका.

सकाळी स्टार्ट करताना निळा धूर येतो, ऑइलही उतरतं. सर्व्हिसिंगला गेल्यावर इंजिन फ्लश आणि एक महागडी ऑइलची बाटली घ्यायला सांगितली. (सातारा एमआयडीसी)

नको म्हणा. फक्त सकाळी धूर येत असेल तर बहुधा व्हॉल्व्ह सील, म्हणजे व्हॉल्व्हपाशी ऑइल अडवणारं रबर. रेस केल्यावर सतत येत असेल तर पिस्टनच्या रिंगा. झिजलेलं रबर बाटलीतल्या औषधानं नवं होत नाही. सपाट जागेवर गाडी लावून दर रविवारी डिपस्टिक बघा, पातळी आणि किलोमीटर वहीत लिहा, आणि ती वही घेऊन मिस्त्रींकडे कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) तपासायला जा.

सीएनजी गाडी चढाला मिसिंग करते, चेक इंजिनचा दिवा लुकलुकतो. बॅटरीची वायर काढून लावली की दिवा जातो. चालवू का? (कोरेगाव)

दिवा नुसता लागला असेल तर दोन दिवसांत दाखवा. लुकलुकत असेल तर रेस कमी करा आणि थांबा: न जळालेलं इंधन कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (सायलेन्सरच्या वाटेवरच्या धूर शुद्ध करणाऱ्या डब्यात) जाऊन जळतं आणि तो जातो. वायर काढल्यानं दोष जात नाही, त्याची नोंद पुसली जाते. मग स्कॅनर लावून आम्ही वाचायचं काय? बहुतेकदा प्लग किंवा कॉइल निघते, पण ती स्कॅन करूनच बदला.

ब्रेक ऑइल मिनच्या (किमान पातळीच्या) खुणेखाली गेलंय. वर घालून दोन दिवसांनी दाखवलं तर चालेल का? (मेढा)

नाही. पॅड झिजले की पातळी हळूहळू उतरते, पण गळतीनंही उतरते आणि घरी बसून तुम्हाला दोन्हींतला फरक कळणार नाही. चाकांच्या आतल्या बाजूला ओल दिसली किंवा पेडल खोल जात असेल, तर मेढ्याहून घाटानं गाडी चालवत आणू नका. मिस्त्रींना घरी बोलवा.