बारच्या परीक्षेसाठी पॉलिसीवर कर्ज?

नाशिकला चार वर्षं वकिली करून लग्नानंतर फ्रीमॉंटला गेलेल्या एका ताई विचारतात: कॅलिफोर्नियाची बार परीक्षा (वकिलीच्या परवान्याची) द्यायचीय, त्यासाठी 65 हजार डॉलरचं एलएलएम (कायद्याची पदव्युत्तर पदवी) करू का? पैसे नवऱ्याच्या विमा पॉलिसीवर 'करमुक्त कर्ज' काढून उभे करायचे आहेत.

एलएलएम नको. तुमची महाराष्ट्र-गोवा बार कौन्सिलची सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, चालू असेल तर कॅलिफोर्निया त्याशिवायही परीक्षेला बसू देतं. निघताना सनद स्थगित केली असेल तर आधी ती चालू करून घ्या. क्लास दोन-तीन हजार डॉलरमध्ये होतो, तो जरूर लावा. परीक्षेत तासाला एक असे पाच निबंध, दीड तासाची परफॉर्मन्स टेस्ट (दिलेल्या कागदपत्रांवरून वकिली मसुदा लिहायचा) आणि 200 बहुपर्यायी प्रश्न, सगळं दोन दिवसांत. कोर्टातल्या अनुभवावर हे निभत नाही.

आता पॉलिसी. तुम्ही पाठवलेल्या स्टेटमेंटचं दुसरं पान काढा. 'अक्युम्युलेटेड व्हॅल्यू' (कागदावर जमा दिसणारी रक्कम) 13,400 डॉलर, आणि त्याखाली 'सरेंडर व्हॅल्यू' (आज पॉलिसी मोडली तर हातात येणारे पैसे) फक्त 2,100. महिना 800 प्रमाणे दोन वर्षांत तुम्ही 19 हजार भरलेत. कर्ज मिळतं ते या 2,100 च्या आधारावर! पासष्ट हजार कुठून आणणार होतात?

ही इंडेक्स्ड युनिव्हर्सल लाइफ, म्हणजे विमा आणि बचत एकत्र, व्याज शेअर बाजाराच्या निर्देशांकावर. मंडळाच्या गणपतीत आरतीनंतर भेटलेल्या 'आपल्याच माणसा'ने गळ्यात मारलेली. (दर गणपतीनंतर मला अशी दोन-तीन पत्रं येतात.) 'बाजार पडला तरी शून्याखाली जात नाही' म्हणे. व्याज शून्याखाली जात नाही हे खरं, पण त्या वर्षीही विम्याचा खर्च आणि कंपनीचे चार्जेस कापले जातातच. पैसे घटतात.

शिवाय 'पास झाले की वर्षाला दीड लाख डॉलर' हे गणित कुणी घातलं डोक्यात? तुम्ही एच-4 वर, म्हणजे एच-1बीवाल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर आहात. नवऱ्याच्या ग्रीन कार्डाची फाइल, तुमच्याच शब्दांत, 'आत्ताच सुरू' झालीय. त्याचा आय-140 (ग्रीन कार्डासाठी कंपनीने करायचा अर्ज) मंजूर होऊन तुमचं ईएडी (नोकरी करायचा परवाना) हातात येईपर्यंत पास होऊनही पगार शून्य. परीक्षा द्या, पण त्या पगाराच्या भरवशावर घर बघू नका.

नवऱ्यासाठी साधी टर्म पॉलिसी (ठरावीक वर्षांचा नुसता विमा, बचत नाही) घ्या. तब्येत चांगली असेल तर दहा लाख डॉलरच्या कव्हरला महिना शंभरच्या आत बसेल. ती हातात आल्यावरच ही बंद करा, आधी नाही. वाचलेल्या सातशेतून चार-पाच महिन्यांत क्लासची फी निघते. जुलैच्या परीक्षेला बसा.