शिसव, शिसवी आणि शिसम

प्रश्न असा आला आहे: ‘आजोबांच्या कपाटाला घरात सगळे शिसवी म्हणतात. दुकानात तसंच काळपट लाकूड शिसम म्हणून विकतात. दोन्ही एकच ना? आणि शिसवीतलं शिसं ते शिसपेन्सिलीतलंच का?’

शिशाचं आधी उरकतो: काही संबंध नाही. धातूचं शिसं संस्कृत ‘सीस’वरून आलं, झाडाचं शिसव ‘शिंशपा’वरून. दोन स्वरांमधल्या प-चा व होणं ही आपल्या भाषेची जुनी सवय. दीप-दिवा, कपाट-कवाड, तसंच शिंशपा-शिसव. हिंदीत त्याच शब्दाच्या शेवटी म आला आणि शीशम झालं; दुकानातलं शिसम ते हेच. म्हणजे शब्द सख्खे भाऊ, झाडं मात्र चुलत.

हिंदीतला शीशम म्हणजे शास्त्रीय नावाने डाल्बर्जिया सिस्सू, हिमालयाच्या पायथ्याशी नद्यांच्या वाळूत, गाळात उगवणारा. मराठीत तो शिसू. आपल्याकडे रस्त्याकडेला लावलेला दिसतो. आपलं शिसव म्हणजे डाल्बर्जिया लॅटिफोलिया, सह्याद्रीतल्या पानगळीच्या रानातलं. पानं हातात घेतली की फरक कळतो. शिसूची पर्णिका (संयुक्त पानातलं एकेक छोटं पान) टोकदार, शिसवाची रुंद, गोलसर, टोकाशी बहुधा किंचित खाच असलेली. लॅटिफोलिया म्हणजे रुंदपर्णीच.

मला यातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते ती नावाचा प्रवास. सुंदरकांडात हनुमान ज्या झाडात दडून सीतेला पाहतो ती शिंशपा. विक्रमाचा वेताळ लोंबकळतो तीही शिंशपाच. बुद्धाने कौशांबीच्या शिंशपावनात मूठभर पानं उचलून शिष्यांना प्रश्न विचारला होता. गंगा-यमुनेच्या मुलखातलं हे झाड म्हणजे शिसूच असणार. तिथलं नाव दक्षिणेकडे आलं आणि आपल्या माणसांनी ते डोंगरातल्या काळ्या लाकडाला दिलं, असं माझं मत. याच शिसवाला कानडीत बीटे म्हणतात आणि मल्याळममध्ये ईट्टी. तिथे शिंशपेचा मागमूस नाही.

आता ‘शिसवी’. सागवानी तसं शिसवी: शिसवी झोपाळा, शिसवी देव्हारा, शिसवी खांब. लिंग-वचन बदललं तरी रूप तेच. पुढे ते रंगालाही लागलं, आणि घोटीव, काळ्याभोर अंगकांतीलाही. ‘शिसम’ला असं काही फुटलेलं नाही. ‘शिसमाचं कपाट’सुद्धा कुणी म्हणत नाही, ‘शिसमचं’ म्हणतात. शब्द अजून पाहुणाच आहे.

गेल्या वर्षी एका सुतारमामांकडे वाड्याचा जुना खांब चिरताना पाहिला. बाहेरून काजळीसारखा, निर्जीव. करवत आत गेली आणि जांभळट तपकिरी गाभा उघडला, त्यात काळ्या रेघा; कडेला पिवळट पांढरी पट्टी. वास मंद, गुलाबाच्या जवळ जाणारा. रोझवूड हे शिसवाचं इंग्रजी नाव त्या वासावरून पडलं, फुलं तर पांढुरकी आणि बारीक असतात. मामा म्हणाले, “हे लाकूड धार खातं बघा.” खरंच आहे, त्यात चुन्याचे कण साठतात. तरीही म्हैसूरच्या जडावकामापासून गिटारच्या पाठीपर्यंत त्याला मागणी आहे. ती इतकी वाढली की 2017 पासून डाल्बर्जियाच्या सगळ्या जाती आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या नियंत्रणाखाली आल्या.

म्हणूनच रोपवाटिकेत जाल तेव्हा शब्द नीट वापरा. ‘शिसम द्या’ म्हणालात तर बहुधा शिसू हातात पडेल. तो भराभर वाढतो. शिसव संथ. त्याला खोल, ओल धरणारी पण पाणी न साचणारी जमीन हवी, लहानपणी थोडी सावली चालते, आणि गुरांपासून राखावं लागतं. चपट्या शेंगांतलं बी पेरता येतं, सागासारखे स्टंपही (खोड आणि मुळं छाटलेली रोपं) पावसाळ्याच्या तोंडाशी लावतात. जुन्या झाडाच्या मुळांवरून आपोआप फुटवे येतात; बांधावर असं झाड असेल तर नवीन रोप आणण्याआधी त्याच्या आसपास जरा वाकून पाहा.