गुण आहेत, पण येत काहीच नाही

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या दोन वर्षांतली मुलं माझ्याकडे येतात तेव्हा फिरून फिरून एकच काळजी कानावर येते. पास होत आलो, गुणही बरे आहेत, पण येत काहीच नाही. नोकरी मिळणार कशी? त्यातल्याच एका मुलीची ही हकीकत. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.

ती मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला होती. वस्तू भाराखाली किती वाकतात, कधी तुटतात हे शिकवणाऱ्या स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्स या विषयात उत्तम गुण. इंटर्नशिपच्या मुलाखतीत तिला विचारलं गेलं, फूटपट्टी आडवी धरून दाबली तर वाकते, कडेवर उभी धरली तर वाकत नाही, असं का? तिला एक शब्द सुचला नाही. त्यानंतर तिने एकापाठोपाठ एक ऑनलाइन कोर्सना नावं नोंदवली, पुरा एकही केला नाही. माझ्यासमोर बसली तेव्हा निर्णय जवळजवळ झालेला होता. "मॅडम, इतकी वर्षं वाया गेली. आता कोडिंगकडेच वळते."

कोडिंगला माझा विरोध नाही; आवडीने तिकडे गेलेली मुलं छान रमतात. पण हा निर्णय भीतीपोटी होत होता, म्हणून तिला म्हटलं, आधी खरंच काय येतं ते बघू.

टेबलावर प्लास्टिकची फूटपट्टी होती. ती तिच्या हातात दिली. "मला यातलं काही कळत नाही असं समज आणि समजावून सांग." ती पाठ केलेली व्याख्या म्हणू लागली. "व्याख्या नको, या पट्टीबद्दल बोल." बराच वेळ ती नुसती पट्टी वाकवत राहिली. मग कागद पुढे ओढला. रुंदी 30 मिलिमीटर, जाडी 3. मोमेंट ऑफ इनर्शिया, म्हणजे आकारामुळे वाकण्याला होणारा विरोध: रुंदी गुणिले उंचीचा घन, भागिले 12. आडवी पट्टी: रुंदी 30, उंची 3, उत्तर 67.5. उभी पट्टी: रुंदी 3, उंची 30, उत्तर 6750. "शंभर पट!" आणि लगेच, मी न विचारताच, "म्हणजे इंग्रजी I च्या आकाराच्या तुळईत, आय बीममध्ये, वरखाली जास्त मटेरियल असतं ते यासाठीच!"

तिला येत होतं. प्रश्न कुठल्या धड्यातला आहे हे कुणी न सांगता उत्तर शोधायची सवय मात्र कधी लागलीच नव्हती. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांचा 2006 सालचा प्रयोग मी अशा वेळी आवर्जून सांगते. एका गटाने उतारा चार सत्रांत वाचला. दुसऱ्याने एकाच सत्रात वाचून पुढच्या तीन सत्रांत न बघता आठवून लिहिला. आठवड्याने पहिल्या गटाला सुमारे 40 टक्के आठवलं, दुसऱ्याला 61 टक्के. गंमत म्हणजे आपल्या लक्षात राहील याची जास्त खात्री पहिल्या गटालाच होती. नोट्स पुन्हा पुन्हा वाचून वाटणारा भरवसा असा फसवा असतो. म्हणून तिला रोज एक विषय, वही मिटून, कोऱ्या कागदावर मांडायला सांगितलं.

दुसरं काम जास्त मोलाचं ठरलं. वॉशिंग्टन अकॉर्ड हा एकमेकांच्या इंजिनिअरिंग पदव्यांना मान्यता देण्यासाठी 1989 साली सहा देशांतल्या संस्थांनी सुरू केलेला करार. पदवीधर इंजिनिअरला काय जमायला हवं याची यादी त्यातून पुढे आली: समस्या उकलणं, डिझाइन, तपास, गटात काम, आपलं म्हणणं नीट मांडणं, व्यावसायिक नीतिमत्ता, आयुष्यभर शिकत राहणं. लेखी परीक्षा यातलं थोडंच मोजते. प्रत्येक बाबीपुढे स्वतः केलेलं एक तरी काम लिही, असं मी सांगितलं.

'तपास' या शब्दापुढची जागा कोरी ठेवूनच ती आली. दुसऱ्या वर्षाच्या प्रोजेक्टबद्दल खोदून विचारलं तेव्हा कळलं, त्यांच्या छोट्या कन्व्हेयरचा, म्हणजे सामान वाहून नेणाऱ्या यंत्राचा, पट्टा सारखा एका बाजूला सरकायचा. मुलांनी पट्टा बदलायचं ठरवलं होतं. हिने दोन्ही टोकांना रोलरमधलं अंतर मोजलं. एका बाजूला 2 मिलिमीटर जास्त निघालं. रोलर समांतर केले आणि पट्टा सरळ चालू लागला. बायोडेटात मात्र एवढंच: 'कन्व्हेयर तयार केला.' मुलाखत घेणाऱ्याला ऐकायची असते ती नेमकी ही मोजमापाची गोष्ट, आणि तीच मुलं गाळतात. याचं मला दर वेळी वाईट वाटतं.

गुणांकडे दुर्लक्ष कर, असं मी तिला म्हटलं नाही. अनेक कंपन्या गुणांची अट लावतात, तेव्हा ते सांभाळायलाच हवेत.

कोडिंगचा विचार तिने सोडलेला नाही. सध्या ऑनलाइन कोर्स एकच ठेवलाय, बीमचं गणित करणारा छोटा प्रोग्राम लिहिता येईल असा. कोऱ्या कागदावर थर्मोडायनॅमिक्स, म्हणजे उष्णता आणि ऊर्जेचा विषय, मांडताना मात्र त्यातल्या एंट्रॉपी या संकल्पनेपाशी खरंच मोठं भगदाड निघालं. पुस्तक उघडून ती थर्मोडायनॅमिक्सच्या दुसऱ्या नियमापासून पुन्हा सुरुवात करते आहे.