पाढे पाठ होत नाहीत म्हणजे मूल गणितात कच्चं आहे का?

"मॅडम, चौथीत गेलाय तरी सातचा पाढा येत नाही, रोज घोकून घेते, दुसऱ्या दिवशी पाटी कोरी." ही तक्रार घेऊन खूप पालक येतात. हा मुलगा तर 'पाढा' शब्द ऐकूनच अंग चोरून बसला होता.

मी पाढा म्हणायला लावलाच नाही. म्हटलं, तीन-तीन मिळवत 30 पर्यंत लिही, शेजारी सात-सात मिळवत 70 पर्यंत आणि फक्त एककाच्या आकड्यांना गोल कर. बोटांवर मोजत, खोडत त्याने लिहिलं. एका रांगेत 3, 6, 9, 2, 5, 8, 1, 4, 7, 0 आणि दुसरीत 7, 4, 1, 8, 5, 2, 9, 6, 3, 0. आई सांगायला पुढे झाली, मी हातानेच थांबवलं. तो बघत राहिला बघत राहिला आणि मग एकदम, "शून्य सोडलं तर हा तोच आहे, उलटा!"

का उलटा, तेही त्यानेच शोधलं, मी फक्त विचारत होते. सात मिळवणं म्हणजे दहा पुढे जाऊन तीन मागे येणं, म्हणून एकक दरवेळी तीनने मागे सरकतो. नंतर सात आठे विचारल्यावर 54 म्हणाला आणि स्वतःच थांबला, "49 नंतर 9 मधून तीन गेले, म्हणजे शेवटी 6 पाहिजे... 56!" चूक स्वतः पकडता येणं मला बिनचूक पाढा म्हणण्यापेक्षा मोठं वाटतं.

पालकांनो, नुसतं म्हणताना असे पॅटर्न कानाला कळत नाहीत, लिहिल्यावर डोळ्याला दिसतात. दहा बाय दहाचा तक्ता भरू द्या, 3×8 आणि 8×3 एकच हे कळलं की 100 चौकटींपैकी वेगळे गुणाकार 55 च उरतात, जवळजवळ निम्मं ओझं तिथेच उतरतं. नऊच्या पाढ्यात दशक एकेक वाढतो, एकक एकेक कमी होतो, पण प्लीज हे आधी सांगून टाकू नका, "काय दिसतंय?" एवढंच विचारा आणि गप्प बसा.

मग पाठांतर बंद करायचं का, तर नाही, पॅटर्न सापडल्यावर रोज थोडं म्हणू दे, तेव्हा ते टिकतं. मात्र दोन लहान संख्यांतली मोठी कोणती हेही ओळखता येत नसेल, साध्या बेरजेतही वयाच्या मानाने सतत अडत असेल तर ओरडण्याआधी डिस्कॅल्क्युलियाची (संख्या आणि गणित समजण्यात येणारी शिकण्याची अडचण) तपासणी करून घ्या.