आयसीयूमधल्या बाबांना पोटावर रोज इंजेक्शन कशासाठी?

प्रश्न: डॉक्टर, बाबा न्यूमोनियामुळे आयसीयूत आहेत, व्हेंटिलेटरवर. रोज पोटावर एक इंजेक्शन देतात, रक्ताची गाठ होऊ नये म्हणून. बिलात साध्या हेपारिनपेक्षा महाग दिसतंय, स्वस्तातलं चालणार नाही का?

उत्तर: ताई, तुमची काळजी समजते, आयसीयूचं बिल घर हलवून टाकतं. पण माणूस निपचित पडून असला की पायाच्या शिरांत रक्त साकळतं आणि ती गाठ सुटून फुफ्फुसात गेली तर जीवावर बेतू शकतं. 2011 साली 3746 पेशंटवरचा अभ्यास आला, साधं हेपारिन की डाल्टेपारिन (हेपारिनचाच महाग प्रकार), त्यात पायातल्या गाठी जवळपास सारख्याच पण फुफ्फुसातल्या डाल्टेपारिनवाल्यांत कमी, 1.3 टक्के, दुसरीकडे 2.3. नंतर 2014 मध्ये हिशोब मांडला तर महाग इंजेक्शन असूनही एकूण खर्च वाढला नाही, कारण गुंतागुंत झाली की स्कॅन, औषधं, आयसीयूचे जादा दिवस, खरा पैसा तिथे जातो. तरी किडनी कमजोर असेल तर साधं हेपारिनच बरं पडतं आणि रक्तस्राव चालू असेल तर इंजेक्शन थांबवून पाय दाबणारं हवेचं मशीन लावतात. बाबांची किडनी कशी आहे ते राउंडला नक्की विचारा, आणि स्वतःहून इंजेक्शन बंद करायला मात्र सांगू नका.