पडद्याला पाडलेलं भोक

प्रश्न : ताई, माझा मुलगा 24 वर्षांचा आहे. तीन मित्रांना घेऊन गाण्यांचे व्हिडिओ करतो. गणपतीची गाणी, हळदीची गाणी, एक-दोन प्रेमाची. आजवर 11 झाले, पैसेही बरे सुटतात. आता त्याला सिनेमा करायचाय. ओळखीचे म्हणतात, ‘गाण्यात पोरं नाचवणं वेगळं आणि पिक्चर वेगळा.’ खरंच हा रस्ता तिकडे जात नाही का?
– एक वडील, विटा

उत्तर : भाऊ, ओळखीचे निम्मं खरं बोलतायत, म्हणून तर ते तुम्हाला टोचलं. रस्ता जातो. मधे एक ओढा आहे, आणि तिथे कॅमेऱ्याची हुशारी फारशी कामाला येत नाही.

माझं सगळं आयुष्य संकलनात गेलं. गाण्यांच्या व्हिडिओंतून आलेल्या दिग्दर्शकाचं फुटेज मला दोन मिनिटांत ओळखू येतं. एकेक शॉट देखणा, पण दोन माणसं समोरासमोर बोलायला बसली की कॅमेरा कासावीस होतो. आई मुलाला ‘जेवलास का?’ विचारतेय आणि हा ट्रॉली घेऊन तिच्याभोवती प्रदक्षिणा घालतोय! त्याचाही दोष नाही म्हणा. गाण्यात वेळ आयता मिळतो. कुठे थांबायचं, कुठे उसळायचं हे संगीतकारानं आधीच ठरवलेलं असतं. सिनेमात माणूस दार उघडून आत आला, तर त्याच्याकडे किती वेळ बघायचं हे सांगायला ढोलकी नसते.

मुलाला दिग्दर्शक तरसेम सिंगचं काम बघायला सांगा. जन्म जालंधरचा, शाळा सिमल्याची, पुढे कॅलिफोर्नियात पॅसाडेनाच्या आर्ट सेंटरमध्ये शिकला. 1991 साली त्यानं आर.ई.एम. या अमेरिकन बँडच्या ‘लूजिंग माय रिलिजन’चा व्हिडिओ केला. सुरुवातीलाच दुधाचा जग खाली पडतो. पुढे काराव्हाजिओ या जुन्या इटालियन चित्रकाराच्या चित्रांतला अंधार-उजेड आणि आपल्या कॅलेंडरांवरच्या देवांची आठवण करून देणाऱ्या चौकटी. त्या वर्षी एमटीव्हीचे सहा पुरस्कार या एका व्हिडिओला मिळाले, वर्षातला सर्वोत्तम व्हिडिओ हा त्यातलाच एक. त्यानंतर जाहिरातींचा धबधबा सुरू झाला. पहिला सिनेमा ‘द सेल’ मात्र थेट 2000 साली आला, जेनिफर लोपेझला घेऊन. माझं मत विचाराल तर त्यातली चित्रं डोळ्यांत राहतात, माणसं राहत नाहीत. म्हणजे ओढा अजून ओलांडायचाच होता.

तो त्यानं ‘द फॉल’मध्ये ओलांडला. 2006 साली टोरांटोच्या महोत्सवात दाखवलेला हा सिनेमा करायला चारेक वर्षं लागली, वीसहून जास्त देशांत चित्रीकरण झालं आणि बराचसा पैसा त्याचा स्वतःचा होता. हिशोब कसा जमवला ते मुलाला नीट समजावा, त्याच्या उपयोगाचं आहे. सिनेमासाठी जी जागा हवी, तिथली जाहिरात तो घ्यायचा. जाहिरातीच्या निमित्तानं तिथे पोचायचं, तिचं काम उरकलं की आपले नट बोलावून आपलं शूटिंग करायचं. जोधपूरची निळी घरं, आभानेरीची चांद बावडी, जयपूरचं जंतरमंतर, सगळं त्यात आहे. मुलगा हळदीच्या गाण्यासाठी कोकणात किंवा कासच्या पठारावर जात असेल, तर त्यालाही हे जमेल.

पण त्या सिनेमाचा जीव मला सापडला तो दवाखान्यातल्या एका खाटेभोवती. जायबंदी झालेला स्टंटमन एका परदेशी मुलीला गोष्ट सांगतोय, एवढंच कथानक. मुलगी कातिन्का उंतारू, रुमानियाची, वय सहाच्या आसपास, इंग्रजी तोडकंमोडकं. तरसेमनं काय करावं? स्टंटमन झालेल्या ली पेसला खरंच चालता येत नाही, असं तिला भासवलं. ती तर राहोच, बहुतेक युनिटलाही तेच सांगितलं होतं. तो माणूस आठवडेच्या आठवडे अंथरुणात आणि चाकाच्या खुर्चीत. खाटेभोवतीचे पडदे ओढून घेतले, एका पडद्याला छोटं भोक पाडलं आणि कॅमेरा त्या भोकातून डोकावत राहिला. दिवे, माणसं, धावपळ, पोरीला काही दिसू नये. आत नुसती ती दोघं, गप्पा मारत. ती अडखळते, चुकीचं ऐकते, भलतंच उत्तर देते, आणि पेस ते झेलून पुढे नेतो. ते प्रसंग असे शिवण उसवल्यासारखे, सैल आहेत. मी संकलक असते तर हात थरथरले असते. कारण अशा जागी कात्री लावली की संपलं.

जगभर भटकून एवढी भव्य चित्रं गोळा करणाऱ्या माणसानं सिनेमाचा कणा एका पोरीच्या अडखळण्यावर ठेवला. तिकीटबारीवर तो फारसा चालला नाही, हेही सांगून ठेवते. 2024 साली त्याची नव्यानं दुरुस्त केलेली प्रत आली आणि नवी पोरं तो बघू लागली.

घाई करू नका, हे सांगायला आपल्याकडचं उदाहरण देते. प्रदीप सरकार. आधी जाहिरातसंस्था, मग जाहिरातपट, युफोरिया बँडचे व्हिडिओ, मधेच 2003 साली ‘मुन्नाभाई’चं संकलन. पहिला सिनेमा ‘परिणीता’ आला 2005 साली, तेव्हा ते पन्नाशीचे होते. त्यातली नायिका विद्या बालन, आपली चेंबूरची, आधी त्यांच्या युफोरियाच्या व्हिडिओत होती. म्हणजे गाण्यांच्या सेटवर भेटलेली माणसंच पुढे कामाला येतात. मुलाच्या त्या तीन मित्रांना जेवायला घाला अधूनमधून.

आणि त्याला एक काम द्या. पुढच्या व्हिडिओचं गाणं संपलं, पॅकअप व्हायचंय, तेवढ्यात त्यातल्याच दोघांना पायरीवर बसवायचं. गाणं नाही, ड्रोन नाही. एकाला दुसऱ्याकडून उसने पैसे परत मागायचेत आणि जीभ रेटत नाहीये. कॅमेरा एका जागी, चार मिनिटं. ते फुटेज मला पाठवा. ते 11 व्हिडिओ नकोत, हे पाठवा.

प्रश्न : गाण्यात नायिकेचे केस संथ उडतात, पण ओठ मात्र शब्दांवर बरोबर हलतात. हे कसं करतात?
– एक वाचक, लातूर

उत्तर : सेटवर गाणं दुप्पट वेगानं वाजवतात आणि कॅमेराही दुप्पट फ्रेमवर, म्हणजे सेकंदाला 24 चित्रांच्या जागी 48 वर चालवतात. बिचारी नटी चिमणीसारख्या आवाजावर भराभर ओठ हलवते. मग तेच 24 नं दाखवलं की ओठ मूळ गाण्याला जुळतात आणि केस, ओढणी, पाऊस सगळं निम्म्या वेगानं.

एकदा माझ्या टेबलावर अख्ख्या दिवसाचं असं चित्रीकरण आलं. कॅमेरा 48 वर, पण प्लेबॅकवाल्या पोरानं गाणं साध्याच वेगानं वाजवलेलं. गायिका प्रत्येक शब्द इतका रेंगाळत म्हणत होती की जणू भूल उतरतेय. आम्ही पाठमोरे शॉट, हात, पैंजण आणि समुद्र जोडून गाणं पुरं केलं. निर्मात्याला ते फार काव्यमय वाटलं.